भिंतीवरची खूण

शिरोळ
मृग नक्षत्र

चि. मुक्ता हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी मळ्यात होतो. मोटर चालू होती, त्यात वारं सुटलेलं, त्यामुळे तुझं बोलणं अर्धंच कळलं. घरी आल्यावर निरोप वाचला. चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्का घेतल्यास, जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन घातलंस, आणि आता जात्यावरच्या ओव्यांचं सगळं रेकॉर्डिंग ठेवण्यासाठी त्या दोन डिस्कांची रेड करायची आहे. 'आबा, कमांड तेवढ्या सांगा', असं लिहिलंस. कमांड मोजक्याच आहेत, सांगतो. पण आधी घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला त्या लिहवत नाहीत. तेव्हा तू लहान होतीस, आणि तुझ्या आईनं तुला पुण्याला ठेवून घेतलं होतं, म्हणून तू ते पाहिलं नाहीस.

आपल्या सोप्याच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, २००५ च्या पुराची खूण होती. पाणी उतरल्यावर मीच गेरूनं ती रेघ ओढली होती. माझ्या छातीला लागायची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही एकदम फुगल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात, ती ५५ फुटांच्या वर गेली. ते सगळं पाणी खाली आपल्याकडेच येतं. गल्लीत प्रत्येकानं २००५ चा हिशोब धरला, मीही धरला. पहिल्यांदा म्हशी जयसिंगपूरच्या बाजूला नेल्या, मग धान्याची पोती, मग घराची कागदपत्रं. कॉम्प्युटर मी लाकडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, गेरूच्या रेघेपासून चांगला वीतभर वर. त्याच्या शेजारी ती बाहेरची डिस्क ठेवली, जिच्यात मी रोज रात्री जेवणानंतर सगळ्याची नक्कल करायचो. मनात म्हटलं, दोन प्रती आहेत, एक गेली तरी एक राहील.

पाणी रेघेच्या हातभर वर गेलं.

घरी परतलो तेव्हा कपाट फुगून दार अडकलं होतं, कोयत्यानं उचकटावं लागलं. डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. ते झाकू नका, असं त्याच्याशेजारी लिहिलेलंही असतं. मी डिस्क उलटी धरली तर त्या भोकातून पातळ गाळ ओघळला. दोन्हींतून. २०१६ पर्यंतच्या ओव्या वाचल्या, कारण विट्याच्या आत्यानं हौसेनं एक पेन ड्राइव्ह भरून नेला होता. विट्याला लोक पावसाची वाट बघतात, तिथं पुराचं भय नाही. पुढच्या तीन वर्षांच्या गेल्या. त्यात ज्या चार बायकांचे आवाज होते, त्यातल्या दोघी आता नाहीत.

माझ्याकडे प्रती दोन होत्या, पण दोन्हींवर येणारं संकट एकच होतं. रेड लावताना तुझ्या डोक्यात पहिल्यापासून हा प्रश्न असावा, म्हणून हे लिहिलं: मी हे कशापासून राखतेय? रेड डिस्कच्या मरणापासून राखते. डिस्क आज ना उद्या मरतेच, त्यामुळे हे राखणंही लहान नाही. पण तिचं काम तेवढंच.

आता मूळ कल्पनेकडे येतो. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांचा एक शोधनिबंध आला. मोठ्या कॉम्प्युटरच्या डिस्का तेव्हा भयंकर महाग होत्या. या तिघांचं म्हणणं असं की, घरगुती कॉम्प्युटरच्या लहान, स्वस्त डिस्का एकत्र जुंपल्या तर तेवढंच ओझं ओढतील. अडचण एकच होती. बैल जितके जास्त, तितका त्यातला एखादा लंगडण्याचा संभव जास्त. म्हणून थोडी जागा जास्तीची ठेवायची, एक डिस्क बसली तरी गाडा थांबू नये इतकी. हीच रेड. तिच्या नावातला 'आय' हा मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा, म्हणजे स्वस्ताचा. पुढे धंद्यातल्या लोकांनी त्याचा 'इंडिपेंडंट' केला. मला मूळचा शब्दच आवडतो. आपल्यासारख्यांसाठीच तो होता.

लिनक्समध्ये हे काम कर्नलमधला 'एमडी' नावाचा भाग करतो आणि त्याला हुकूम द्यायचं साधन म्हणजे 'एमडीअॅडम'. नील ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या प्रोग्रामरनं ते २००१ साली लिहायला घेतलं. दुकानदार तुला रेडचं वेगळं कार्ड घ्यायला सांगेल. घेऊ नकोस. कार्ड जळलं तर बहुधा तसंच कार्ड शोधावं लागतं, आणि दहा वर्षांनी ते ना जयसिंगपुरात मिळेल ना पुण्यात. एमडीची खूणगाठ डिस्कवरच लिहिलेली असते. डिस्का उचल, लिनक्स असलेल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला लाव, अॅरे, म्हणजे डिस्कांचा जुंपलेला संच, उभी राहते.

दोन डिस्का आहेत, तेव्हा तुला रेड एक. जे एकीवर लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. जागा मिळेल चार टेराबाइटच, आठ नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कुणी रेड शून्य सुचवेल, वेग दुप्पट आणि जागा आठ. त्यात एक डिस्क गेली की दोन्हींवरचं जातं. ओव्यांसाठी ती नकोच.

रेड पाच तुला आज लागणार नाही, पण समजून घे, कारण तिच्यातली युक्ती मला अजूनही सुंदर वाटते. पाणीपुरवठा संस्थेत मी वही लिहायचो हे तुला ठाऊक आहे. समज, एका पानावर तीन सभासदांची पट्टी आहे: ४५०, ६२० आणि ३८०. खाली एकूण १४५०. उंदरानं मधली ओळ कुरतडली. तुला काय करावं लागेल? बेरजेतून उरलेल्या दोन वजा कर, ६२० परत आले. त्या सभासदाच्या घरी जायलाही नको. रेड पाच हेच करते, फक्त बेरजेऐवजी एक्सऑर वापरते. दोन्हीकडे अंक सारखा असेल तर ०, वेगळा असेल तर १. पहिल्या डिस्कवर १०११, दुसरीवर ०११०, तर तिसरीवर जाईल ११०१. आता पहिली हातानं झाक आणि ०११० व ११०१ यांना तोच नियम लाव. कागदावर करून बघ, १०११ उतरतं की नाही. तीन डिस्का असतील तर दोघींची जागा तुझी आणि एकीची त्या बेरजेची, फक्त बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता तिघींवर आळीपाळीनं ठेवतात.

यातलं दुखणंही सांगतो. एक डिस्क गेल्यावर नवी भरायची तर बाकीच्या सगळ्या अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटनं वाचली तरी साडेसात तास जातात. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात साधारण साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादी चूक होऊ शकते, असं लिहिलेलं असतं. अॅरे मोठी झाली की तो आकडा जवळ येतो. म्हणून मोठ्या अॅरेला लोक रेड सहा लावतात, तिच्यात दोन डिस्का गेल्या तरी चालतं.

आता कामाला लाग, पण खऱ्या डिस्कांना आज हात लावू नकोस. आधी खोट्या डिस्का कर. 'ट्रंकेट'नं शंभर-शंभर मेगाबाइटच्या तीन रिकाम्या फायली बनव आणि 'लोसेटअप'नं त्यांना डिस्कचं सोंग दे. त्यातल्या दोघींची रेड एक बांध, फाइल सिस्टिम घाल, एखादी ओवी त्यात टाक. मग एमडीअॅडमला 'फेल' सांगून एक डिस्क मुद्दाम मार. ओवी वाजते का बघ. 'रिमूव्ह'नं मेलेली काढ, 'अॅड'नं तिसरी घाल आणि ती भरताना बघत बस. बघायची जागा म्हणजे प्रॉक फोल्डरातली 'एमडीस्टॅट' नावाची फाइल. दोन्ही डिस्का शाबूत असल्या की तिथं चौकटी कंसात दोन 'यू' दिसतात. एक गेली की तिच्या 'यू'च्या जागी नुसती आडवी रेघ. ती रेघ डोळ्यांना ओळखीची झाली पाहिजे. हे दहा वेळा मोड, दहा वेळा जोड. मी हे न करता थेट खऱ्या डिस्कांवर गेलो होतो, त्याचं पुढे सांगतो.

खऱ्या डिस्कांची पहिली गोष्ट म्हणजे त्यांचे सिरियल नंबर. दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतल्यास ना? नंबर शेजारशेजारचे निघाले तर एक बदलून दुसऱ्या दुकानातून घे. एकाच घाण्यातल्या डिस्का एकाच सुमाराला दमू शकतात. मग दोन्हींवर पार्टिशन पाड, पण शेवटी शंभरेक मेगाबाइट मोकळे सोड. एका कंपनीची चार टेराबाइटची डिस्क दुसरीपेक्षा किंचित लहान निघू शकते, आणि पुढे बदली डिस्क घालताना तेवढ्यानं अडतं.

पुढची कमांड तोंडानं अशी: एमडीअॅडम, क्रिएट, अॅरेचं नाव एमडी शून्य, लेव्हल एक, रेड-डिव्हायसेस दोन, आणि शेवटी दोन पार्टिशनांची नावं. नेमकं स्पेलिंग 'मॅन' पानावर बघून टाइप कर, निरोपातून चिकटवू नकोस. एंटर दाबायच्या आधी ती नावं 'एलएसबीएलके'च्या यादीशी बोट लावून जुळव. इथं एक अक्षर चुकलं तर आधीची भरलेली डिस्क जाते, आणि तेव्हा कुठलीही रेड मदतीला येत नाही.

एंटर दाबल्यावर दोन्ही डिस्का एकमेकींशी जुळायला लागतील, काही तास चालेल. तोवर थांबायची गरज नाही. एमडी शून्यवर ईएक्सटी-फोर घाल. ती अॅरेवर घालायची, सुट्या पार्टिशनांवर नव्हे. 'एफएसटॅब'मध्ये यूयूआयडीनं नोंद कर आणि तिथं 'नोफेल' लिही, म्हणजे कधी अॅरे उठली नाही तरी मशीन सुरू होईल. शेवटची पायरी बरेच जण विसरतात. 'डिटेल स्कॅन'नं निघालेली ओळ एमडीअॅडमच्या कॉन्फ फाइलमध्ये ठेवायची आणि 'अपडेट-इनिट-रॅम-एफएस' चालवायचं. हे राहिलं तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर तुझी एमडी शून्य एमडी १२७ नावानं समोर येऊ शकते. घाबरू नकोस, आत सगळं असतं. मी घाबरलो होतो.

आता माझ्या हातून झालेली चूक. पुरानंतर मी वरच्या मजल्यावर नवं मशीन बसवलं, दोन डिस्कांची रेड एक. एका श्रावणात त्यातली एक बंद पडली. एमडीस्टॅटनं नाव दाखवलं 'एसडीबी'. मी धरून चाललो की वरची डिस्क 'ए' आणि खालची 'बी'. मशीन चालू असतानाच खालची ओढून काढली. काढली ती चांगली डिस्क होती. 'ए', 'बी' ही नावं मशीन सुरू होताना ज्या क्रमानं डिस्का सापडतात त्या क्रमानं पडतात, खोबणीशी त्यांचा संबंध नसतो. पडद्यावर चुकांच्या ओळी धावायला लागल्या. माझ्या हातात ती डिस्क अजून गरम होती, आणि मला कपाटातला गाळ आठवला. खुर्चीवर बसलो, तुझ्या आजीनं पाणी आणून दिलं. मग मशीन बंद केलं, डिस्क होती तिथं घातली आणि अॅरे पुन्हा जोडायला सांगितली. एमडी प्रत्येक डिस्कवर घडामोडींचा एक आकडा लिहीत असतं. ज्या डिस्कचा आकडा पुढं गेलेला, तिचंच ते खरं मानतं. मेलेली मागं पडली होती, म्हणून चांगली ओळखली गेली आणि सगळं परत मिळालं. तेव्हापासून प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूला सिरियल नंबराचे शेवटचे चार आकडे पांढऱ्या पट्टीवर लिहून चिकटवतो. डिस्क काढण्याआधी 'स्मार्टसीटीएल'ला नंबर विचारतो, पट्टी बघतो, मशीन बंद करतो आणि मगच हात घालतो. तूही आजच पट्ट्या चिकटव.

मेलेल्या डिस्कची बातमी तुझ्यापर्यंत आली पाहिजे. एका डिस्कवर चाललेली रेड काही बोलत नाही. फाइल उघडते, ओवी वाजते. श्रावणात एक डिस्क गेली आणि संक्रांतीला दुसरी, तर तुला दोन्ही एकाच दिवशी गेल्यासारख्या वाटतील. कॉन्फ फाइलमध्ये तुझा ईमेल टाक आणि 'मॉनिटर'ला 'टेस्ट' म्हणून एक चाचणीचा मेल पाठवायला लाव. तो खरोखर आला का ते बघ. मी सहा महिने एका बंद झालेल्या पत्त्यावर भरवसा ठेवला होता. डेबियन महिन्याचा पहिला रविवार उजाडण्याआधीच्या रात्री अॅरेची तपासणी स्वतःहून करतं, दोन्ही डिस्का पूर्ण वाचून बघतं. त्या रात्री मशीन चालू ठेव. आणि यूपीएस घे. पावसात वीज जाते तेव्हा एका डिस्कवर लिहून झालेलं आणि दुसरीवर राहिलेलं, असं होतं. एमडी कुठं लिखाण चालू होतं याचा एक नकाशा ठेवतं, त्यामुळे वीज आल्यावर तेवढाच भाग पुन्हा जुळवतं. मोठ्या अॅरेला तो नकाशा आपोआप लागतो, तरी 'डिटेल'मध्ये 'बिटमॅप' दिसतो का, ते बघून घे.

एवढं सगळं नीट केलंस तरी चुकून एक फोल्डर पुसलंस, तर दोन्ही डिस्का ते इमानानं पुसतील, त्याच क्षणी. चोर आला तर मशीनसकट दोन्ही नेईल. म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या छपराखाली हवी, दुसऱ्या गावात असेल तर उत्तम. हे कुठल्याही पुस्तकाआधी आपल्याला नरसोबाच्या वाडीनं दाखवलं आहे. पाणी चढायला लागलं की दत्ताच्या पादुका जागेवर राहतात, त्यांच्यावरून नदी जाते, पण उत्सवमूर्ती वर नेऊन ठेवतात. लहानपणापासून आपण ते बघतो, पादुकांवरून पाणी वाहू लागलं की दक्षिणद्वाराच्या स्नानाला जातो. मी इतकी वर्षं गेलो आणि माझ्या कपाटाला मात्र वरची जागा शोधली नाही.

ओव्यांच्याच बाबतीत मोठं उदाहरण आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची कॉम्प्युटरवर नोंद करण्याची रीत बसवली. पॉइतवां २००४ साली गेले. पुढे ते सगळं 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाकडे आलं, आणि आज आपण दोघं फोनवर त्या बायकांचे आवाज ऐकू शकतो. कागद, कॅसेट, कॉम्प्युटर, एका हातातून दुसऱ्या हातात, असा तो संग्रह चालत आला. आपला संग्रह त्याच्यापुढे मूठभर आहे. पण त्यातले आवाज आपल्या तालुक्यातले आहेत, आणि ते आणखी कुणाकडे नाहीत.

तेव्हा असं ठरवू. मूळ रेकॉर्डिंग इथं वरच्या मजल्यावर, तुझी रेड पुण्यात, आणि एक सुटी डिस्क विट्याला. ती आत्याकडे कपाटात राहील, वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला, तिच्यात नवं भरायचं. भरल्यावर दोन-चार फायली उघडून ऐकायच्या, नुसती यादी बघून परत द्यायची नाही. पहिल्या वेळी तूच चल माझ्याबरोबर.

सोप्याच्या भिंतीला यंदा नवा गिलावा केला. २००५ ची रेघ त्यात गेली. २०१९ ची मी राखली, गवंड्याला तेवढी पट्टी सोडायला लावली.

तुझ्या आजीची धाकटी बहीण येत्या गुरुवारी इथं येते आहे. तिला आईकडून आलेल्या, आतापर्यंत कुणीच न टिपलेल्या काही ओव्या आठवतात, असं ती म्हणाली. जातं धुऊन ठेवलंय, ती दळता दळताच म्हणणार, नुसतं बसून तिला सुचत नाही. तोवर तुझी अॅरे उभी राहू दे. दोन्ही 'यू' दिसले की कळव, मी पहिली फाइल पाठवतो.

तुझे,
आबा